मंद दिव्यांची गुरगुर

कारखान्यात सगळे तिला लाहीताई म्हणायचे, आणि हे नाव काही तिला कौतुकानं मिळालं नव्हतं. तिच्या टेबलावर प्लायवूडचं एक खोकं उपडं ठेवलेलं असे आणि त्याखाली तिचं नवं सर्किट. ती बटण दाबायची, मान दुसरीकडे वळवायची, आणि खोक्याखालून फट् असा आवाज यायचा, तापलेल्या कढईत दाणा फुटावा तसा. जुळणी करणाऱ्या बायका हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, ‘फुटली बघ लाही.’ ती खोकं उचलायची. आत ट्रान्झिस्टर काळा पडलेला असायचा आणि त्याच्या रक्षणासाठी बसवलेला फ्यूज मात्र जसाच्या तसा. घर जळून गेलं आणि रखवालदाराला खरचटलंसुद्धा नाही, अशातली गत.

कारखाना डिमर बनवायचा. सभागृहातले, रंगमंचावरचे मोठाले दिवे सावकाश मंद करणारी पेटी म्हणजे डिमर. लाहीताई तिथे डिझाइन विभागात होती. विभाग म्हणजे ती स्वतः, एक खिडकी आणि उजव्या कोपऱ्यात विजेच्या लहरी दाखवणारा, पडदा काळवंडलेला एक ऑसिलोस्कोप. कारखान्याचा जुना, नावाजलेला डिमर तिनंच तरुणपणी आखला होता आणि तो कुठल्याही सभागृहात म्हशीसारखा मुकाट राबायचा. वायरला वायर चिकटो, दिवा फुटो, पेटी मरत नसे. मालक गिऱ्हाइकांना ती हातानं थोपटून दाखवायचे.

हा सगळा उपद्व्याप सुरू झाला तो सासऱ्यांच्या कानापासून.

नवरा महिन्यातला बराच काळ कामासाठी बाहेरगावी असायचा, त्यामुळे घरात खऱ्या अर्थानं दोघंच, ती आणि सासरे. सासरे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. एके काळी शेवटच्या बाकावरची कुजबुज फळ्याकडे तोंड करून टिपणारा माणूस. आता दारावरची घंटा ऐकू येत नव्हती. कानात यंत्र आलं होतं. नाटकांचा नाद मात्र सुटला नव्हता. गावातल्या सभागृहात त्यांच्यासारख्यांसाठी एक चांगली सोय होती. खुर्च्यांखालून एक तार फिरवलेली होती, आणि श्रवणयंत्रावरचं बारीक बटण सरकवलं की रंगमंचावरचे शब्द त्या तारेतून थेट कानात येत. निदान यायला हवे होते. सासरे दर नाटकाहून तणतणत परतायचे. पडदा वर गेला की कानात भुंगा शिरतो, म्हणायचे. मध्यंतरात सगळे दिवे लागले की भुंगा जातो, आणि दिवे मंदावले की पुन्हा येतो. यंत्रवाल्याकडे त्यांनी चकरा मारल्या. यंत्रवाल्यानं दर वेळी यंत्र पुसून, तपासून, उत्तम आहे म्हणून परत दिलं. लाहीताईचं खासगी मत असं होतं, की तोंडी लावायला तक्रार नसेल तर सासऱ्यांना जेवण जात नाही.

एकदा ते यंत्र दुकानातून आणायचं काम तिच्याकडे आलं. सकाळीच आणून ती तशीच कामावर गेली. टेबलावर जुन्या पद्धतीचा एक डिमर तपासणीला लावलेला होता, निम्म्यावर. सहज गंमत म्हणून तिनं यंत्र कानात घातलं आणि बारीक बटण सरकवलं. कानात करवत चालू झाली. तिनं डिमरचा खटका खाली केला, करवतीचा सूर बदलला. पूर्ण वर केला, कान एकदम शांत. पुन्हा निम्म्यावर आणला, पुन्हा करवत.

सभागृहातले डिमर याच कारखान्यातून गेलेले होते. त्यांच्या नकाशाच्या कोपऱ्यात सही तिची होती.

संध्याकाळी जेवताना तिनं सगळं सांगून टाकलं. भिंतीतली वीज सरळ वाहत नाही, झोपाळ्यासारखी मागे-पुढे झुलते. आपला डिमर काय करतो, तर झोका ऐन भरात आला की खाडकन दार उघडतो. वीज दिव्यात एकदम आदळते, दर सेकंदाला शंभर वेळा. त्या दणक्यानं दिव्याची तार गुणगुणते, आणि तोच दणका विजेच्या तारांमधून इमारतभर फिरून खुर्च्यांखालच्या तारेपर्यंत पोचतो. पूर्ण उजेडात दार सुरुवातीलाच उघडतं, म्हणून दणका नाही.

सासऱ्यांनी घास खाली ठेवला. ‘म्हणजे इतकी वर्षं माझ्या कानात तू गुरगुरत होतीस?’

‘मी नाही हो बाबा. डिमर.’

‘तो केला कुणी?’

तिनं आमटीची वाटी त्यांच्याकडे सरकवली. ‘मग थांबव की,’ ते म्हणाले, जणू स्वयंपाकघरातला नळ गळत होता, आणि पुन्हा जेवायला लागले.

उपाय तिला माहीत होता, निदान कागदावर. जुन्या डिमरमध्ये हे दार म्हणजे थायरिस्टर. तो एकदा उघडला की झोका संपेपर्यंत मिटत नाही, त्यामुळे मधेच उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. ट्रान्झिस्टर मात्र हवा तेव्हा उघडतो आणि हवा तेव्हा, हवा तितका सावकाश मिटतो. तेव्हा उलटं करायचं. झोपाळा अगदी मध्यावर, शून्यावर असतानाच दार उघडायचं, म्हणजे दणका बसायचा प्रश्नच नाही, आणि पुढे हलक्या हातानं लोटून घ्यायचं. झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार आई जसं लोटून घेते तसं.

मालकांनी तिचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सभागृहवाल्यांची तक्रार आली आहे?’

‘ज्यांना त्रास होतो ते यंत्र बंद करून बसतात. तक्रार कोण करणार?’

‘मग त्रास आहे कुठे?’

तिला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. मालक वाईट माणूस नव्हते. चालत्या गाडीला हात लावायचा नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान होतं. शिवाय दणका बोथट करायची सोय जुन्या डिमरमध्ये होतीच. लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेलं एक जड वेटोळं, चोक; नव्या पद्धतीत त्याची गरजच उरणार नव्हती. ते चोक गुंडाळणारे काका कारखान्यातले सर्वांत जुने कामगार, म्हणून त्यांना सगळे चोककाका म्हणत. तिनं आठवडाभर पिच्छा पुरवल्यावर मालकांनी नेहमीचं काम सांभाळून, एक नमुना करायची मुभा दिली. ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारखानाभर पसरली ती अशी, की लाहीताई चोक काढून टाकणार. तेव्हा तिचं नाव अजून लाहीताई पडलेलं नव्हतं, पण आठवड्यात पडलं. चोककाकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. माझ्या पोटावर पाय देणारीला मी नमस्कार कशाला करू, असं ते दुसऱ्याकरवी तिच्यापर्यंत पोचवायचे.

थायरिस्टर म्हैस असेल तर ट्रान्झिस्टर जावई होता. जरा मनासारखं झालं नाही की रुसला, आणि रुसला की कायमचा. दार झटकन मिटलं की गुरगुर पुन्हा सुरू. सावकाश मिटलं की त्या मिटण्याच्या काळात सगळी उष्णता त्याच्याच अंगात. आवाज कमी करावा तर ट्रान्झिस्टर भाजतो, ट्रान्झिस्टर वाचवावा तर आवाज. इकडे आड, तिकडे विहीर, आणि त्या दोहोंमधल्या हातभर जागेत ती महिने न् महिने उभी होती. उष्णता बाहेर टाकायला तिनं ॲल्युमिनियमची पाती असलेला मोठा ठोकळा बसवला. पेटी थंड राहिली, पण इतकी जड झाली की चोकवाली पेटी त्यापुढे हलकी वाटावी. मग ठोकळा लहान करून पंखा बसवला. तो चालू करून सगळे कान लावून उभे राहिले, आणि मालक म्हणाले, ‘हा आवाज कसला?’ पंख्याचा. गुरगुर घालवायला तिनं भिरभिर आणली होती. त्या दिवशी तिनं डबा न उघडता तसाच घरी नेला.

दिवा फुटताना आत ठिणगी पडते आणि क्षणभर विजेचा लोंढा येतो. त्यात थायरिस्टर तग धरतो, ट्रान्झिस्टर फ्यूजच्याही आधी जातो. म्हणून तिनं पहारेकरी सर्किट केलं. लोंढा दिसला की ट्रान्झिस्टरनं पापणी लवायच्या आत मिटायचं. ते इतकं छान जमलं की दिवेच लागेनात. थंड दिवा पेटताना नेहमीच्या दसपट वीज ओढतो, आणि पहारेकऱ्याला तो प्रत्येक वेळी चोर वाटायचा. घरच्याच माणसाला दारात अडवणारा पहारेकरी. बटण दाबलं की दार बंद, बटण दाबलं की दार बंद. ती खुर्चीत मागे रेलली आणि छताकडे बघत बसली.

फोनवर नवरा म्हणायचा, अगं सोडून दे. ज्यानं कधी काही धरलेलंच नाही त्याला सोडून दे म्हणायला काय जातं, असं तिच्या ओठांवर यायचं आणि ती ते गिळायची. सासरे रोज दारातच विचारायचे, ‘झालं का?’ गृहपाठाची चौकशी करावी तसं. एकदा तिच्या अंगाची इतकी लाही लाही झाली होती की ती म्हणाली, ‘झालं असतं तर सांगितलं नसतं का?’ त्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं. नाटकांना जाणंही. आता ती घरी आली की ते नुसते वर्तमानपत्राची घडी बदलायचे, आणि तो आवाज तिला प्रश्नापेक्षा कठीण जायचा.

पहारेकऱ्याची समजूत शेवटी पटली. लोंढा दिसला की दार कायमचं न मिटता किलकिलं ठेवायचं, वीज थोडी थोडी आत सोडायची, दिवा गरम झाला की मागणी आपोआप उतरते. आणि उतरली नाही, तर तो खरंच चोर. दार मिटण्याचा वेग तिनं उष्णतेप्रमाणे बदलता ठेवला, पंखा काढून टाकला, ठोकळा बेताचा केला. खोक्याखालून आवाज येईनासा झाला. ती चार वेळा खोकं उचलून बघून आली, कारण शांततेवर तिचा विश्वास उरला नव्हता.

सभागृहात सहा डिमर होते. मालकांच्या सांगण्यावरून व्यवस्थापकांनी त्यातला एक बदलू दिला. तिनं सासऱ्यांना सकाळच्या एका तालमीला नेलं आणि नेहमीच्या खुर्चीत बसवलं. दिवे मंदावले. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही.

‘थोडाही फरक नाही?’

‘भुंगा आहे तसाच आहे.’

पाच जण कचाकचा भांडत असताना सहावा गप्प बसला तर कुणाला कळणार? हे गणित तिला आधी कळायला हवं होतं, आणि कळलं नव्हतं. मालकांनी दुसऱ्या दिवशी एवढंच म्हटलं, की सासरे तुमचेच, त्यांनीच नाही म्हटलं, आता मी काय बोलू. नमुना कपाटात गेला.

तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तिथेच हात टेकले असते. तिनं ठरवलं, की मालकांना कानानं ऐकवायचं, जुना आणि नवा, एकेक करून. सासऱ्यांचं यंत्र ती घेऊन गेली, पण दुसऱ्याच्या कानातली वस्तू आपल्या कानात घालायला मालक काही केल्या तयार होईनात. मग तारांमधला सूर टिपणारं बारीक वेटोळं त्या यंत्रात असतं तसलंच, पण मोठं करून त्याला कर्णा जोडायचा, असं तिनं योजलं. केसासारख्या तारेचे हजारो वेढे. ती गुंडाळायला बसली. तार तुटली. पुन्हा बसली, पुन्हा तुटली. कारखान्यात अशी तार न तोडता गुंडाळू शकणारा एकच हात होता.

चोककाका तेव्हा बाकावर डबा धुऊन पुसत होते. ती समोर जाऊन उभी राहिली आणि काय हवं ते सांगितलं. त्यांनी वर न बघता विचारलं, ‘कशासाठी?’

खोटं सांगता आलं असतं. ती वैतागली होती. तिच्यात खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. ‘तुमच्या चोकमधून किती गुरगुर बाहेर पडते ते मालकांना ऐकवायला.’

त्यांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाले, ‘देतो गुंडाळून. पण माझा चोक गप्प निघाला, तर सगळ्यांसमोर कबूल करायचं.’

‘करीन.’

दुपारी त्यांनी वेटोळं आणून दिलं, इतकं रेखीव की दुकानात मांडावं. जुळणीच्या खोलीत सगळे गोळा झाले. मालकही येऊन दाराला टेकून उभे राहिले. तिनं आधी जुना डिमर निम्म्यावर लावला आणि कर्ण्यातून ती करवत खोलीभर घुमली. वेटोळं दूर नेलं तरी ऐकू येत होती. मग नवा लावला. कर्ण्यातून वाऱ्याची झुळूक यावी इतपत काहीतरी आलं आणि विरलं. एक बाई म्हणाली, बंद पडला वाटतं. पण दिवा समोर मंद जळत होता.

चोककाकांनी हात पुढे केला. ‘माझा पुन्हा लाव.’ तिनं लावला. त्यांनी वेटोळं स्वतःच्या हातात घेऊन चोकच्या चारी बाजूंनी फिरवलं, आजारी माणसाची छाती तपासावी तसं. मग ते टेबलावर ठेवून दिलं.

मालक म्हणाले, ‘आवाज कमी आहे हे मान्य. पण तो ऐकायला गिऱ्हाइकानं आधी हे भेंडोळं विकत घ्यायचं का?’

लाहीताईनं डोळे मिटून घेतले. बोलले ते चोककाका. ‘मालक, आपण आता ऐकलंय. न ऐकल्यासारखं कसं करायचं?’ एवढं बोलून ते हात धुवायला निघून गेले. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि पुढे कित्येक दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत ते नाहीतच.

सभागृहाचे जुने डिमर तसेही बदलायला आले होते. मालकांनी तीन दिवस खाल्ले, आणि मग एका सकाळी, दुसऱ्याच कुठल्या कामाबद्दल बोलता बोलता, सहा नवे करा म्हणून सांगितलं.

नवे डिमर लागले त्या रविवारी दुपारचा प्रयोग होता. सासरे खूप दिवसांनी इस्त्रीचा सदरा घालून आले. लाहीताई प्रेक्षागृहात बसलीच नाही. ती रंगमंचामागच्या खोलीत, सहा पेट्यांसमोर स्टुलावर बसून एकेका ठोकळ्यावर हात ठेवून बघत होती, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. पलीकडे नाटकात कुणी रडत होतं की हसत होतं, तिला पत्ता नव्हता. एकही पेटी रुसली नाही. मध्यंतर झालं आणि ती जवळजवळ धावतच सासऱ्यांच्या खुर्चीपाशी गेली.

‘भुंगा गेला,’ ते म्हणाले.

तिनं श्वास सोडला.

‘पण आता दुसरंच काहीतरी येतं. सूं करून चढतं, थांबतं, परत सूं.’

पिशवीतून वेटोळं आणि कर्णा काढून ती सभागृहभर हिंडली. लोक चहाचे पेले घेऊन तिच्याकडे बघत होते. सूर तिला जिन्याजवळ सापडला. लिफ्टच्या मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र होतं ते. इतकी वर्षं तेही तारांमध्ये सूं करत होतं, पण थोरल्या गुरगुरीखाली ते दबलेलं होतं. मोठा आवाज गेला आणि त्याच्याखालचे सगळे बारके आवाज डोकं वर काढून बसले.

‘बाबा, ती लिफ्ट आहे,’ तिनं परत येऊन सांगितलं.

‘तीही तुझीच का?’

ती मटकन शेजारच्या खुर्चीत बसली. रडावं की हसावं, काहीच येईना. दुसरा अंक तिनं तिथेच बसून पाहिला आणि त्यातलं तिला काहीही कळलं नाही. घरी जाताना रस्ताभर सासरे मोठ्यामोठ्यानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे, नाटकातल्या थोरल्या सुनेबद्दल तावातावानं बोलत होते. ती जाताना धाकटीच्या कानात जे पुटपुटली ते धादांत खोटं होतं, म्हणाले. लेखकानं तिला तिथेच पकडायला हवी होती. लाहीताई हूं हूं करत होती. तिला लिफ्टखेरीज काही सुचत नव्हतं. बऱ्याच पुढे गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की सासरे एका पुटपुटण्यावरून भांडत आहेत. पण तोवर त्यांनी विषय बदलून नेपथ्यावर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली होती.

पुढे फार काही मोठं घडलं नाही. नवा डिमर कारखान्याच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर छापला गेला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका स्टुडिओनं घेतला, आणखी दोन सभागृहांनी घेतला. बाकीचे किंमत विचारून चोकवालाच नेत राहिले, आणि चोककाकांच्या हाताला काम कमी पडलं नाही. एका सभागृहानं पेटी बिघडली म्हणून परत पाठवली. तिनं उघडून पाहिलं तर बिघाड त्यांच्या वायरिंगमध्ये होता, आणि पहारेकऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. हे तिनं त्यांना समजावलं. त्यांनी समजून घेतलं, आणि चोकवाला मागवला.

लिफ्टवाल्याकडे ती स्वतः गेली. तो माणूस तिचं सगळं ऐकून शांतपणे म्हणाला, ‘बाई, लिफ्ट वर जाते, खाली येते. कानात जाते असं आजवर कुणी म्हटलं नाही.’ ती वाद घालत राहिली. शेवटी पिच्छा सुटावा म्हणून त्यानं आपल्याकडचं एक भंगारात काढलेलं, तसलंच यंत्र तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, तुम्हीच बघा काय ते.

ते ओझं दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती घरी आली. ग्रीसनं ओढणी काळी झाली होती. सासरे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ताटं एका बाजूला सरकवून जागा करून दिली.